गावाचं सांडपाणी: शोषखड्डे, पॅकेज प्लांट की तळी? (सांवेर, जि. इंदूर)

पाणीसमिती_सांवेर

नमस्कार मंडळी. गाव सांवेरकडचं, वस्ती १,२००, घरं २१५. नळाचं पाणी सकाळी दीड तास येतं, माणशी ५५ लिटरच्या हिशेबानं. तीस-चाळीस घरांत स्वतःच्या बोअर आहेत. मोऱ्यांचं पाणी सिमेंटच्या उघड्या नालीतून गावाच्या उत्तरेला खोलगट जागेत साचतं आणि तिथून ओढ्यानं पुढे कान्ह नदीत जातं. १४० घरांत सेप्टिक टँक आहेत, पण शोषखड्डा एकालाही नाही, टाकीचा पाइप सरळ नालीत सोडलेला. बाकी घरी दोन खड्ड्यांचे संडास.

खोलगट भागाला लागून पंचायतीची १,९०० चौ. मी. जागा आहे, पटवाऱ्याकडून सीमांकन झालेलं आहे. जमीन वर काळी, खाली मुरूम. मुरूम कुठे एक मीटरवर लागतो, कुठे अडीचवर.

दोन प्रस्ताव आलेत. उपयंत्री (सरकारी इंजिनिअर) म्हणतात घरोघरी शोषखड्डे करा. एका विक्रेत्यानं रोज ७० हजार लिटरच्या एमबीबीआर पॅकेज प्लांटचं (हवा फुंकून प्लास्टिकच्या चकत्यांवर जिवाणू वाढवणारं तयार यंत्र) कोटेशन दिलंय, म्हणतो शहरात मोठं आहे तेच तुम्हाला छोटं करून देतो. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्याचे माणशी २८० रुपये धरले तर ३ लाख ३६ हजार होतात, वर वित्त आयोगाचे. यात काय बसेल? ओढ्यात घाण जायला नको आणि जमलं तर गव्हाला पाणी मिळावं, एवढीच अपेक्षा.

काळीमाती

उपयंत्र्यांना एकच विचारा: परीक्षा कोणत्या महिन्यात घेतली? मे महिन्यात आपल्याकडच्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा असतात. खड्डा खणून चार बादल्या ओतल्या की पाणी गडप, आणि कागदावर 'जमीन शोषक' असं लागतं. ऑगस्टमध्ये तीच माती फुगून भेगा मिटवते आणि खड्डा वरपर्यंत भरून अंगणात येतो.

परीक्षा अशी घ्या. शोषखड्डा जितका खोल जाणार तितक्या खोलीवर ३० सेमीचं चौकोनी भोक करा, तळाला ५ सेमी बारीक गिट्टी टाका आणि रात्रभर पाणी भरून ठेवा. भेगा मिटायलाच ती रात्र लागते, हे सोडलं तर बाकी सगळं व्यर्थ. दुसऱ्या दिवशी १५ सेमी पाणी भरून २५ मिमी उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. ३० मिनिटांच्या वर गेलं तर तिथे शोषखड्ड्याचा नाद सोडायचा.

मुरूम एक मीटरवर लागतो त्या भागात मात्र शोषखड्डे चालतील, फक्त न्हाणी आणि भांड्यांच्या पाण्यासाठी. साडेपाच माणसांच्या घराचं रोजचं साधारण २४० लिटर होतं. त्याला मुरमातली बाजूची भिंत ६-७ चौ. मी. पाहिजे, म्हणजे १.२ मी. व्यास आणि मुरमात १.८ मी. खोली. वरची काळी माती हिशेबात धरायचीच नाही, तिथे सरळ पक्की भिंत बांधा. आधी ४५×४५×४५ सेमीचं चेंबर हवं, त्याच्या आउटलेटला उलटा टी, म्हणजे साबणाचा फेस आणि तेलकट थर मागे राहील. हे चेंबर पंधरवड्याला उपसलं नाही तर शोषखड्डा दोन पावसाळ्यांत बुजतो. बुजतो तो पाण्यानं नाही, चरबीनं.

सेप्टिक टँकचं पाणी मात्र मुरमात सोडू नका. मुरमाखाली भेगाळ काळा खडक आहे, तो पाणी गाळत नाही, फक्त वाहून नेतो, आणि तुमच्या बोअर त्याच भेगांवर जगतात. विहिरीपासून १० मीटरचा नियम मातीसाठी ठीक आहे, फुटलेल्या खडकात त्याच्यावर विसंबून राहता येत नाही.

उतारपातळी

पॅकेज प्लांटचं आधी मिटवू. ३ अश्वशक्तीचा ब्लोअर चोवीस तास चालला तर रोज सुमारे ५४ युनिट, महिन्याला १,६०० च्या आसपास. ७ रुपये दर धरला तरी ११ हजारांच्या वर बिल, पंप आणि माणूस वेगळा. गावात वीज जाते. हवा फार काळ बंद राहिली की प्लास्टिकच्या चकत्यांवरचा जिवाणूंचा थर मरू लागतो आणि तो परत बसायला आठवडे जातात. इंदूरच्या कबीटखेडी सांडपाणी केंद्रात पाळ्यांत माणसं असतात, प्रयोगशाळा असते, गाळ सुकवायची व्यवस्था असते. त्यातलं काहीच कोटेशनमध्ये नसतं. शिवाय इंदूर २०२१ मध्ये देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर झालं ते काही फक्त मोठ्या यंत्रांमुळे नाही. नाल्यात उघडे सुटणारे घरांचे पाइप आधी पकडून बंद केले गेले. तुमच्या १४० आउटलेटना तेच लागू आहे.

पैशांचंही एक. २८० रुपयांतले ३० टक्के वित्त आयोगाचेच असतात, म्हणजे ते 'वरचे' नाहीत. पण आयोगाच्या बांधील निधीतला जो भाग स्वच्छतेसाठी राखलेला असतो त्यातून जास्तीचं काम काढता येतं. जनपदमध्ये (तालुक्याच्या पंचायतीत) बसून आधी हा आकडा पक्का करा.

आता प्रवाह. ५५ लिटरचे ८० टक्के म्हणजे ५३ घनमीटर, बोअरचं धरून ६५-७०. पण अंदाजावर बांधू नका. पत्र्याला ९० अंशांची व्ही खाच कापून तो नालीत आडवा बसवा, कडा चिकणमातीनं बंद करा. पाण्याची उंची खाचेपाशी मोजायची नाही, तिथे पाणी झुकतं. पत्र्याच्या मागे अर्धा मीटरवर, खाचेच्या टोकाच्या पातळीपासून मोजा. ५ सेमी असेल तर सेकंदाला ०.७७ लिटर, ७.५ असेल तर २.१, आणि १० असेल तर ४.४. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत, दर अर्ध्या तासानं. नळ सुटतो तेव्हाचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, टाक्यांची मापं त्यावर ठरतात.

माझ्या मते तुमच्या जागेला आणि पैशाला गाळटाकी आणि दोन तळी हेच बसतं. ७० घनमीटर, बीओडी (पाण्यातली घाण कुजायला लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचं माप) लिटरमागे ३०० मिग्रॅ धरली तर रोजचा भार २१ किलो. गाळटाकीत पंचवीस ते तीस टक्के अडतो, उरले १५. आपल्या अक्षांशाला, म्हणजे २२.७ अंशांवर, पहिल्या तळ्याला हेक्टरी २२५ किलोचा भार सोसतो. म्हणून पृष्ठभाग ६७० चौ. मी.: ४५ × १५ मी., पाणी १.५ मी., बाजू १ ला २ उतार. आकारमान साधारण ७६० घनमीटर, पाणी अकरा दिवस थांबतं. दुसरं तळं २७ × १२, खोली १ मी., चार दिवस जवळपास. बांधांसकट दीड हजार चौ. मी.मध्ये बसतं.

मृद्‍गंध

तळ्यांना माझा विरोध नाही, पण घरं किती जवळ आहेत ते कोणी विचारलंच नाही. शंभर-दीडशे मीटरच्या आत वस्ती असेल तर जमिनीखालून वाहणारं पाणीच बरं: गाळटाकी, मग अडथळ्यांची बंद टाकी, मग वनस्पती लावलेला गिट्टीचा वाफा. पाणी उघड्यावर दिसत नाही, डास होत नाहीत.

अडथळ्यांच्या टाकीत पाणी प्रत्येक कप्प्यात खाली जाऊन वर चढतं, तळाच्या गाळातले जिवाणू त्यातली घाण खातात. चढायचा वेग तासाला १ मी.च्या आत ठेवा, नाहीतर गाळच धुऊन निघतो. तुमचे ७० घनमीटर मुख्यतः नऊ तासांत येतात असं धरलं तर तासाला ७.८. कप्पा ७ मी. रुंद, १.१५ लांब, २ मी. पाणी, असे पाच. खाली उतरणारे पाइप ११० मिमीचे, रुंदीत नऊ, तळापासून २० सेमीवर तोंड. कप्पा लांबट केला तर पाणी एका कोपऱ्यातून पळतं आणि उरलेली जागा मृत राहते.

गिट्टीच्या वाफ्यात जवळपास सगळे एकच चूक करतात: लांब आणि चिंचोळा बांधतात, कारण नकाशात तसा छान दिसतो. पाणी गिट्टीतून जायला पुरेसा छेद लागतो. गिट्टी जुनी, अर्धी बुजलेली धरून, १ टक्का उतारावर तुम्हाला २७ चौ. मी. छेद पाहिजे. पाण्याची खोली अर्धा मीटर, म्हणजे रुंदी ५४ मी. आणि लांबी फक्त १३. साडेतेरा मीटर रुंदीचे चार वाफे शेजारी-शेजारी करा, म्हणजे एक बंद ठेवून सुकवता येतो. चिंचोळा केलात तर पाणी वर येतं, वर आलं की डास, आणि मग लोक म्हणतात ही पद्धतच खोटी.

क्रशरची १० मिमी गिट्टी आणाल तर चुरी धुऊनच टाका. ट्रॅक्टरमागे दोन-तीन टोपली चुरी जरी गेली तरी ती पहिल्याच वर्षी इनलेटला थर धरते. इनलेट-आउटलेटला अर्धा-पाऊण मीटर ४०-८० मिमीचे दगड. झाडांत कर्दळ लवकर धरते, पाणकणीस जास्त सोसतं. पाणी गिट्टीच्या १० सेमी खाली राहील असा आउटलेटला फिरता बेंड लावा.

उतारपातळी

@मृद्‍गंध, गणित बरोबर. पण ७०० चौ. मी. × ६० सेमी म्हणजे सव्वाचारशे घनमीटर, सव्वासहाशे टनांच्या आसपास धुतलेली गिट्टी, आणि खाली अस्तर. साडेतीन लाखांत फक्त गिट्टी तरी येईल का? दुसरं, त्या अडथळ्यांच्या टाकीत जिवाणू बसायला तीन ते सहा महिने लागतात. डिसेंबरमध्ये सुरू केली तर थंडीत जिवाणू जागेच होत नाहीत. करायचीच असेल तर मार्चमध्ये, चालू सेप्टिक टँकचा जुना गाळ आकारमानाच्या दहा टक्के टाकून.

पाणीसमिती_सांवेर

सगळ्यांचे आभार. सगळ्यात जवळचं घर १८० मीटरवर आहे, वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, म्हणजे वास शेतांकडे जाईल. आता चार शंका. पावसाळ्यात नालीला पूर येतो. तीस-पस्तीस घरी म्हशी आहेत, गोठा धुतल्यावर शेण नालीतच जातं. तळ्यात डास होतील अशी लोकांची ओरड आहे. आणि मृद्‍गंध ताई, गव्हाला हे पाणी खरंच चालेल का?

उतारपातळी

पावसाचं आधी, कारण इथेच बहुतेक कामं वाहून जातात. आबादी ६ हेक्टर धरा. तासाला ३० मिमी पडला आणि अर्धं पाणी नालीत आलं तरी तासाला ९०० घनमीटर. तुमचं सांडपाणी गर्दीच्या वेळी आठ. सगळं तळ्यात घेतलं तर अकरा दिवसांचं पाणी तासाभरात धुऊन जाईल. म्हणून जाळीनंतर एक चेंबर, त्याच्या भिंतीत ७५ मिमीचं गोल भोक, आणि भोकाच्या मध्यापासून ३० सेमी वर ओढ्याकडे उघडणारा कट्टा. पाणी कट्ट्याला टेकतं तेव्हा भोकातून तासाला साधारण २३ घनमीटर आत जातं, उरलेलं पावसाचं पातळ पाणी बाहेर. वाल्व्ह लावू नका. पावसात कोण जाऊन फिरवणार?

जाळी दोन: पहिली ४० मिमी, दुसरी २० मिमी, ४५ अंशांत तिरपी, दाताळ्यानं ओढता येईल अशी. उभी जाळी कोणी साफ करत नाही. पुढे गाळटाकी ६ × २.५ मी., २ मी. पाणी, दोन कप्पे ४ आणि २ मी. वर झाकण, वायू जायला पाइप.

म्हशींचं मात्र, भाऊ, तळ्यावर सोडवता येणार नाही, गोठ्यावरच सोडवावं लागेल. एका म्हशीचं रोजचं शेण १२-१५ किलो. त्यातला थोडा भाग जरी नालीत गेला तरी वरचे सगळे हिशेब उलटतात, आणि चोथा गाळटाकीत पाऊण फूट जाड साय धरतो. गोठ्याच्या मोरीला ६० सेमी खोल चेंबर, त्यात १० मिमीची जाळीची टोपली. आधी शेण उचलायचं, मग धुवायचं. पंचायतीनं ठराव करून नालीचं जोड त्यावर अवलंबून ठेवावं.

काळीमाती

बांधाबद्दल लिहितो. खोदलेली काळी माती तळाला उत्तम, ओली असली की पाणी धरते. पण तीच बांधाच्या माथ्यावर टाकली तर एप्रिलमध्ये आरपार तडकते. बांधाचा गाभा काळ्या मातीचा, वर आणि बाहेरून ३० सेमी मुरूम. १५-२० सेमीचे थर, मूठ वळली की गोळा राहतो पण हाताला चिकटत नाही एवढी ओल, प्रत्येक थर दाबून. पाण्याच्या वर अर्धा मीटर बांध मोकळा, माथा दीड मीटर रुंद.

पाण्याची रेघ जिथे लागते तिथे वर-खाली ३०-३० सेमी दगडी पिचिंग कराच. हा खर्च वाचवला की काठाला गवत येतं आणि डास त्या गवतातच होतात, मधल्या पाण्यात नाही. लाटा आणि ऊन असलेल्या उघड्या पाण्यात क्युलेक्स डासांच्या अळ्या तग धरत नाहीत. दुसऱ्या तळ्यात गप्पी मासे सोडा. पहिल्यात मरतील, तिथे रात्री प्राणवायू संपतो.

पहिल्यांदा भरताना ओढ्याचं किंवा विहिरीचं स्वच्छ पाणी अर्ध्या उंचीपर्यंत भरून मग सांडपाणी सोडा. कोरड्या तळात सांडपाणी थोडं थोडं सोडलं तर महिनाभर गाव नाक धरून बसेल आणि मग काहीही सांगितलं तरी ऐकणार नाही.

गाळउपसा

तळं रोज रंगावरून वाचायचं. हिरवंगार असेल तर बरं. करडं-काळं आणि वास असेल तर भार जास्त, आधी शेण शोधा. गुलाबी-जांभळी झाक आली तर गंधकाचे जिवाणू वाढलेत, तेही जास्त भाराचंच लक्षण. वर टिकलीएवढ्या हिरव्या पानांचं झाकण पसरलं तर ते उपसा, नाहीतर खाली उजेड जात नाही आणि शेवाळ मरतं. आउटलेटचं तोंड पृष्ठभागावर ठेवू नका. ३०-४० सेमी खालून पाणी घ्या, म्हणजे शेवाळाचा दाट थर आणि तवंग बाहेर जात नाही.

१४० सेप्टिक टँकचं पाणी उघड्या नालीतून आणू नका. गाळ घरच्याच टाकीत राहतो, म्हणून आउटलेट ११० मिमी पीव्हीसीनं जोडले तरी भागतं. उतार २०० ला १, दर ३० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर सफाईचं तोंड. एका हंगामात सगळं जमणार नाही, शाळा आणि अंगणवाडीची गल्ली आधी घ्या. अट एकच: टाक्या दोन-तीन वर्षांनी उपसल्या पाहिजेत, नाहीतर गाळ पाइपात येतो. गाळासाठी जिल्ह्यात कालीबिल्लोदला ग्रामीण मैला प्रक्रिया केंद्र आहे, पण सांवेरहून लांब पडतं. टँकरवाल्याशी फेरीचा दर लेखी ठरवा आणि कुठे ओततो ते बघा, नाहीतर तोच गाळ रात्री तुमच्याच ओढ्यात.

टाकीत माणूस उतरवायचा नाही, सेप्टिक असो की गाळटाकी. सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि दोन श्वासांत माणूस पडतो. वरून सक्शनच.

मृद्‍गंध

गव्हाला चालेल. पाच पाण्यांना प्रत्येकी ६ सेमी धरलं तर हेक्टरी ३,००० घनमीटर. रब्बीचे १२० दिवस रोज ६० घनमीटर मिळाले तर ७,२००, म्हणजे सुमारे २.४ हेक्टर भिजतं. सरीनं किंवा पाटानं द्या, तुषार नको. कापणीच्या दोन आठवडे आधी बंद. कोथिंबीर, मुळा, पालक आणि लसूण-कांदा यांना अजिबात नाही. धुण्याच्या साबणातला सोडियम काळ्या मातीला घट्ट करतो, म्हणून एक पाळी तळ्याची तर एक विहिरीची, आणि दर दोन वर्षांनी माती तपासा.

ओढ्यात सोडणार असाल तर २०१७ च्या अधिसूचनेचे आकडे लक्षात ठेवा: महानगरं सोडून इतरत्र बीओडी ३०, निलंबित घन १०० मिग्रॅ, मल-कोलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू) १०० मिलीत १,००० च्या आत. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी इंदूरच्या प्रयोगशाळेत पोचवा. कोलिफॉर्मची बाटली निर्जंतुक, त्यांच्याकडूनच आणायची. बीओडी गाळलेली आणि न गाळलेली अशी दोन्ही सांगा, कारण तळ्याच्या पाण्यात शेवाळच आकडा वाढवतं.

पाणीसमिती_सांवेर

व्ही खाचेचा पत्रा सोमवारी बसवतो. मापं इथेच टाकेन. उपयंत्र्यांना मुरूमवाल्या ६० घरांपुरते शोषखड्डे आणि बाकीला तळी असं सुचवतो.

उतारपातळी

खोदाईआधी एक राहिलं. ओढ्याची पूरपातळी तपासलीत का? पुलाच्या खांबावर खूण असेल. पारदर्शक नळीत पाणी भरून तिथून तळ्याच्या जागेपर्यंत पातळी आणा. बांधाचा माथा पुराच्या किमान अर्धा मीटर वर पाहिजे.

पाणीसमिती_सांवेर

खूण आहे. जागेची उत्तर बाजू पुराच्या रेषेच्या जेमतेम २० सेमी वर दिसते.

उतारपातळी

मग खोली १.५ मीटरच ठेवा, पण खोदाई ९० सेमी आणि उरलेलं बांधानं वर उचला, नाहीतर आउटलेटला उतार मिळणार नाही. नालीच्या शेवटच्या टोकाची पातळी त्याला पुरते का, हे नळीनं आजच बघून घ्या. जाळीपासून शेवटच्या आउटलेटपर्यंत पाऊण मीटरचा फरक लागतो. आउटलेटच्या पाइपाला ओढ्याकडच्या टोकाला फ्लॅप वाल्व्ह लावा, पुराचं पाणी उलटं आत शिरत नाही.